कांदळ, खाजन आणि देवांची वाट

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीहून एका वाचकबंधूंचे पत्र मध्यंतरी आम्हांस आले. त्यांचे घराणे मूळचे गोमंतकातले; पोटापाण्याच्या उद्योगाने काही पिढ्यांमागे वऱ्हाडात आणि तेथून तेलंगणाच्या सीमेवर जाऊन स्थिरावलेले. कुलदेवतेच्या स्थलांतराची जी हकीकत त्यांच्या घरी दिवाळीच्या पहाटे वडीलधारी मंडळी सांगतात, तीत एक वाक्य असे येते की, देवास होडीत घेऊन भरतीच्या पाण्यावर होडी कांदळात शिरविली, माणसांची चाहूल मिटेपर्यंत ती तेथे लपविली आणि ओहोट लागण्याआधी पैलतीर गाठला. यंदा घरातील एका मुलीने 'कांदळ म्हणजे काय?' असे विचारले, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर वाढलेल्या त्या घरात कोणासही उत्तर देता आले नाही.

प्रश्न मुलीचा आहे, परंतु तो आपणा सर्वांस लागू आहे. देवांची नावे, गोत्रे, पालख्या आणि जत्रांच्या तिथी आपण जपल्या. ज्या काठावरून देव निघाले त्या काठाचे रूप मात्र आपण विसरत चाललो. म्हणून या लेखात त्या काठाचा, त्यावरील वनस्पतींचा आणि त्यांच्याशी आपल्या पूर्वजांनी केलेल्या व्यवहाराचा इतिहास थोडक्यात मांडावा असे योजिले आहे.

खाडीकाठचे वन

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे. पण कांदळवन समजून घ्यावयास याहून सोयीची जागा गोमंतकात दुसरी नाही. आम्ही तेथे गेलो तेव्हा ओहोटी चालू होती. होडीवाल्याने वल्हे आवरले आणि काठाकडे बोट करून म्हटले, 'आता मुळां पळयात.' पाणी उतरत गेले तशी खरोखर झाडांच्या आधी मुळेच दिसू लागली.

सामान्य माणूस या साऱ्या झाडीस एकच नाव देतो. कोणी 'कांदळ' म्हणतो, कोणी 'तिवर', कोणी 'खारफुटी'. वास्तविक ती एका जातीची झाडी नव्हे. गोमंतकात या वनाच्या पंधराच्या आसपास जाती आढळतात, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे वीस. त्यांची कुळे वेगळी, फुले वेगळी, मुळे वेगळी. त्यांस एकत्र आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दिवसातून दोनदा पायांवर चढणारे खारे पाणी सोसण्याची शक्ती.

खाडीच्या मुखाशी, जेथे लाटांचा मारा असतो आणि चिखल अजून सैल असतो, तेथे पांढरी चिप्पी आणि लहान तिवर ही झाडे प्रथम पाय रोवतात. चिप्पीचे शास्त्रीय नाव सोनेरेशिया आल्बा. तिचे फूल रात्री उमलते, त्याचे असंख्य पांढरे केसर पिंजऱ्यासारखे पसरतात आणि सकाळी ते पाण्यावर गळून पडलेले दिसतात. वटवाघळे आणि निशाचर पतंग तिचे परागवाहक होत. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने याच चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तिवराचे शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया. वैद्यकातील महापंडित इब्न सिना यांच्या स्मरणार्थ ते ठेविले गेले. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढ्या हजारो काड्या उभ्या वर आलेल्या असतात. त्या काड्या म्हणजे झाडाची श्वासमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून मूळच श्वास घेण्यासाठी आकाशाकडे वळते. तिवराचे पान जिभेवर ठेवून पाहिले तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते.

चिंचोळ्या फाट्यांच्या कडेने खरा कांदळ उभा असतो. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हायझोफोरा, म्हणजे मुळे धारण करणारा. बुंध्यापासून कमानीसारखी मुळे सुटून चिखलात उतरतात, जणू वृक्ष गुडघ्यांवर उभा आहे. मीठ बाहेर टाकण्याची याची रीत निराळी. हा ते मुळांतून आतच येऊ देत नाही. याचे बीजही विलक्षण. फळ झाडावर असतानाच त्यातून अंकुर फुटतो आणि हात-दीड हात लांबीची हिरवी शेंगेसारखी काठी खाली लोंबू लागते. ती शेंग नव्हे, ते रोपच होय. पुरे वाढले की ते सुटते. ओहोटीच्या वेळी कधी खालच्या चिखलात उभे रुतते, नाही तर पाण्याबरोबर वाहत जाऊन योग्य जागी मूळ धरते. आईने लेकरास चालते-बोलते करूनच घराबाहेर पाठवावे, तसा हा प्रकार आहे.

कांदळाच्या मागे, जेथे भरतीचे पाणी रोज पोहोचते परंतु फार काळ थांबत नाही, तेथे ब्रुगिएरा या नावाची गुडघ्यांसारखी वाकलेली मुळे असणारी झाडे आणि मोठा तिवर लागतो. त्याही मागे, जेथे केवळ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी येते, तेथे पांढऱ्या सुवासिक फुलांचा काजळा, काटेरी पानांची निळी-जांभळी फुलणारी मरांडी आणि गेवा ही मंडळी आढळतात. गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीस अपाय होतो. म्हणून लाकूडतोडे त्यास कुऱ्हाड लावण्यास नाखूष असतात.

हा झाला काठापासून आत जाणारा क्रम. नदीच्या मुखापासून वर जाणारा दुसराही एक क्रम आहे. मांडवीत भरती-ओहोटी सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवते. जसजसे वर जावे तसतसे पाण्यातील मीठ कमी होते, आणि पांढऱ्या चिप्पीची जागा तांबड्या केसरांची चिप्पी घेते, कँडेलिया दिसू लागते, काठावर अ‍ॅक्रोस्टिकम नावाचा उंच नेचा दाटतो. शेवटी कांदळ संपतो आणि माड-पोफळी सुरू होतात.

ही मांडणी कोणी केली?

हे पट्टे पाहताना देवळाची मांडणी आठवते. प्राकार, सभामंडप, चौक आणि गर्भकूड हा जसा बाहेरून आत जाणारा क्रम, तसाच हा क्रम आहे असे वाटते. उपमा सुबक आहे, परंतु तिच्यावर फार भार देता येत नाही. देऊळ माणसाने आराखडा काढून बांधलेले असते, येथे आराखडा कोणी काढला?

समुद्रात उभ्या असणाऱ्या झाडांचे नवल जुने आहे. अलेक्झांडरचे आरमार इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखातून इराणच्या आखाताकडे गेले, आणि त्या प्रवासातून आलेल्या माहितीच्या आधारे ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने खाऱ्या पाण्यात मुळांवर तोलून राहणाऱ्या वृक्षांचे वर्णन करून ठेविले. पण या झाडांच्या पट्ट्यांचे कारण शोधण्याचा पद्धतशीर यत्न विसाव्या शतकातला आहे. १९२८ मध्ये वॉटसन या वनाधिकाऱ्याने मलायातील कांदळवनांचा अभ्यास करून, महिन्यातून किती वेळा भरतीचे पाणी एखाद्या जागी चढते यावरून पाच वर्ग पाडले आणि कोणत्या वर्गात कोणते झाड येते हे दाखविले. पुढे पुष्कळ दिवस असे मानले जाई की, पुढचा पट्टा चिखल साठवून मागच्या पट्ट्यास भूमी तयार करून देतो आणि अशा रीतीने वन समुद्राकडे पाऊल टाकते. हे मत आता तसेच्या तसे मान्य नाही. भूमीचा उतार, गाळाची जात, पाण्यातील मीठ या सर्वांचा त्यात वाटा आहे. १९७८ मध्ये पनामातील वनांचा अभ्यास करून राबिनोविट्झ या विदुषीने असे सुचविले की, बीजाच्या आकारावरूनही जागा ठरत असावी. लहान बीज भरतीबरोबर दूर आत जाते, लांब व जड रोप पाण्याच्या जवळच अडकते. पुढील संशोधकांनी खेकड्यांकडेही लक्ष वेधले. कोणते बीज खेकडे खातात आणि कोणते टाकून देतात यावरही कोठे काय उगवेल हे काही अंशी अवलंबून असते.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक थोर सूत्रधार आहे, तो म्हणजे पर्जन्य. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात पडतो. मांडवी-जुवारीच्या मुखाशी वैशाखात पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते. श्रावणात त्याच जागी वरून वाहणारे पाणी गोडे लागते. एकाच जागी उभ्या राहिलेल्या झाडास वर्षात दोन ऋतूंची दोन पाणी प्यावी लागतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. अरविंद उंटवाले आदी शास्त्रज्ञांनी आपल्या खाड्यांतील या वनांचा अनेक वर्षे अभ्यास केला, त्यामुळे आज आपणांस याविषयी बरेच काही नीट ठाऊक आहे.

एका नावाचा प्रवास

वर कँडेलिया या झाडाचा उल्लेख आला. त्या नावाची कथा आपल्या समाजाच्या इतिहासात गुंतलेली आहे.

सोळाव्या शतकात गोवा सोडून दक्षिणेस गेलेली पुष्कळ कुटुंबे कोचीस वसली. तेथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच सत्तेचा प्रमुख हेन्द्रिक फान ऱ्हेडे याने मलबारातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'होर्तुस मलबारिकुस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापले गेले. या कामी त्यास इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी साह्य केले. या तिघांचे २० एप्रिल १६७५ या तारखेचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. छापील नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. घरदार सोडून परमुलखात गेलेल्या माणसांनी बरोबर नेलेली विद्या अशी युरोपच्या छापखान्यात जाऊन पोहोचली.

या ग्रंथाच्या सहाव्या खंडात मलबारच्या खाड्यांतील कांदळांची चित्रे व वर्णने आहेत आणि ती 'कांदेल' या मल्याळी नावाने दिली आहेत. पुढे १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींस शास्त्रीय नावे दिली तेव्हा त्यातील एका जातीस त्याने हेच नाव लाविले, आणि १८३४ मध्ये वाइट व आर्नॉट यांनी त्यावरून कँडेलिया ही स्वतंत्र प्रजाती केली. आपला 'कांदळ' आणि मल्याळी 'कांदेल' हे एकाच किनाऱ्यावरचे सख्खे शब्द. जगातील कोणत्याही विद्यापीठात आज ते झाड ओळखले जाते ते या खाडीकाठच्या शब्दाने. इंद्रवेल्लीच्या त्या मुलीस हे अवश्य सांगावे.

येथे वाचकांस एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. लोकांतील नावे खाडीगणिक बदलतात. 'तिवर' हा शब्द कोठे अ‍ॅव्हिसेनियास लावतात, तर कोठे चिप्पीस. जुन्या कागदांत 'तिवराचे रान' असे वाचले तर ते झाड कोणते हे जागा पाहिल्यावाचून ठरविता येत नाही.

खाजन

कांदळवनाच्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग झाडांचा नसून बांधांचा आहे.

फोंडे महालातील बांदिवडे या गावी नागेश आणि महालक्ष्मी यांची देवळे आहेत. नागेशाच्या देवळातील १४१३ चा शिलालेख आपल्या वाचकांस ऐकून ठाऊक असेल. परंतु त्याच गावी सापडलेला एक ताम्रपट त्याहून आठ-नऊशे वर्षे जुना आहे. तो मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् या राजाचा असून सहाव्या शतकातला मानला जातो. त्यात एका ब्राह्मणास दिलेल्या 'खज्जन' भूमीचा आणि खाऱ्या पाण्यास अडवून ती लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. म्हणजे गोमंतकातील 'खाजन' हा शब्द आणि ते काम, दोन्हीही दीड हजार वर्षे चालत आलेली आहेत.

खाजन म्हणजे खाडीकाठची अशी सखल भूमी की जी बांध नसता तर भरतीच्या पाण्याखाली गेली असती. गोमंतकात अशी भूमी सुमारे अठरा हजार हेक्टर आहे. बाहेरचा बांध चिऱ्याचा व चिखलाचा, आतला चिखल, पेंढा, बांबू आणि कांदळाच्या फांद्या घालून केलेला. बांधास जागोजागी 'मानस' असते. मानस म्हणजे खाऱ्या पाण्यास टिकणाऱ्या लाकडाची दारे बसविलेले जलद्वार. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच दार मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने ते उघडते. दिवसातून दोनदा हे दार कोणी माणूस न लाविता लागते आणि न उघडता उघडते. पावसाच्या पाण्याने शेतातील मीठ धुतले गेले की कोरगुट, असगो यांसारखे खारटपणा सोसणारे भात पेरावे. कापणी झाली की बेताने खारे पाणी आत घेऊन मासळी व कोळंबी वाढू द्यावी. काही तुकड्यांत मिठागरे करावी. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ मिळविण्याची ही युक्ती होती.

आता वर सांगितलेले पट्टे आठवावे. खाजन कोठे केले गेले? जेथे उधाणाचे पाणी येते तेथे, म्हणजे आतल्या पट्ट्यांत. गेवा, काजळा, मोठा तिवर यांची जी भूमी, तीच आज भाताची भूमी आहे. बाहेरचा कांदळ-चिप्पीचा पट्टा मात्र ठेविला गेला, कारण त्याच्या मुळांवाचून बांध लाटांपुढे टिकला नसता. गोमंतकातील कांदळवन बंगालच्या सुंदरबनासारखे मैलोगणती पसरलेले नाही. ते काठाला शिवलेल्या किनारीसारखे आहे. त्याचे कारण काही अंशी नद्यांच्या अरुंद काठांत आहे आणि काही अंशी या जुन्या वाटणीत आहे असे आम्हांस वाटते. पूर्वजांनी आतली भूमी घेतली आणि बाहेरची झाडांस सोडली.

ही वाटणी राखण्याचे काम गावकारीकडे होते. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारांचे हक्क व चालीरीती यांची जी सनद लिहून घेतली, तीतही ओसाड भूमीत येऊन प्रथम वस्ती करणाऱ्या चौघांची परंपरागत कथा आढळते. गावची जमीन सामाईक, तिचा लिलाव वर्षावर्षाने, आणि उत्पन्नातून आधी देवस्थान, बांध व गावकामगार यांचा खर्च भागवून उरलेले वाटून घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. देवाचा नैवेद्य आणि बांधाची डागडुजी ही एकाच पोतडीतून होत असे. बांध फुटला तर देवाचे ताटही रिकामे, हे त्या काळच्या माणसास समजावून सांगावे लागत नसे.

परंतु हे सांगताना खरे तेही सांगितले पाहिजे. वाटा घेणारा गावकार आणि गुडघाभर चिखलात उतरून बांध घालणारा मजूर ही बहुधा निराळी माणसे होती. रात्री-अपरात्री बांधास भगदाड पडले की पहिली हाक ज्यास जाई, त्याचे नाव वाटेकऱ्यांच्या यादीत नसे. खाजनाचे श्रेय देताना त्या हातांस वगळणे हा अन्याय होईल.

देवांची वाट

सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील देवालयांवर पोर्तुगीज सत्तेचा घाला आला आणि देवांस दुसऱ्या राज्यात न्यावे लागले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. चोडणची देवकीकृष्ण ही देवता मयेमार्गे माशेलास गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

या यादीकडे नकाशा समोर ठेवून पाहावे. बहुतेक प्रत्येक नावामध्ये एक खाडी आहे. जुवारी, जिला जुने लोक अघनाशिनी म्हणत, ती मंगेश आणि शांतादुर्गा यांच्या जुन्या-नव्या स्थानांमधून वाहते. मांडवी आणि तिचे फाटे चोडण-दिवाडीस वेढून आहेत. पाण्याच्या अलीकडे एक राज्य होते, पलीकडे दुसरे. कागदपत्रांतून आपणांस वर्षे कळतात. वाट मात्र घराघरांतील आठवणीत राहिली.

आणि येथे इंद्रवेल्लीच्या त्या घरातील वाक्य पुन्हा वाचावेसे वाटते. 'भरतीच्या पाण्यावर होडी कांदळात शिरविली.' ज्याने ओहोटीत कांदळाचा काठ पाहिला आहे त्यास हे वाक्य किती जाणत्याचे आहे हे कळेल. ओहोटीला त्या काठाशी होडी लागत नाही. चिखल आणि मुळांचे जाळे मधे असते. भरती भरली की तीच मुळे पाण्याखाली जातात आणि होडी फांद्यांखाली शिरू शकते. तेथे ती बाहेरून दिसत नाही. पण ओहोट लागण्याआधी निघावे लागते, नाही तर होडी मुळांत अडकून सकाळपर्यंत उघडी पडेल. आमची होडी त्या दिवशी चोडणच्या एका फाट्यात अशीच अडकली होती आणि भरती येईपर्यंत आम्ही दोन घटका डास मोजीत बसलो. आम्हांस घाई नव्हती. मागावर कोणी नव्हते. ज्यांच्या मांडीवर देव होता त्यांस त्या दोन घटका केवढ्या वाटल्या असतील!

तेव्हा ते वाक्य रचणाऱ्यास, किंवा त्यास होडीत बसविणाऱ्या खलाशास, खाडीची पट्टन् पट्टी ठाऊक होती. देव वाचले ते भक्तीने, यात संशय नाही. परंतु भक्तीच्या हातात वल्हे होते आणि वल्ह्यास भरतीची वेळ ठाऊक होती.

मोडलेली वाटणी

आजची स्थिती काय? १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्यास त्याचा हक्क मिळाला, आणि ते योग्यच झाले. परंतु बांध राखण्याचे जे सामाईक उत्तरदायित्व गावकारीकडे होते ते तितक्याच बळकटपणे दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर बसले नाही. कुळांच्या संघटना झाल्या. काही ठिकाणी त्यांनी काम चोख केले, काही ठिकाणी मानशीतील मासळीचा लिलाव हेच मुख्य उत्पन्न ठरले आणि भाताकडे दुर्लक्ष झाले. मासळीसाठी खारे पाणी वेळीअवेळी आत घेतले की जमीन नापीक होते. जमीन नापीक झाली की बांधाची काळजी घेण्याचे कारण उरत नाही. बांध फुटला की पाण्याबरोबर तिवराचे बीज आत येते.

ज्या भूमीवर पिढ्यानपिढ्या कोरगुट पिकला तेथे आज तिवर आणि मरांडी यांचे रान माजलेले आम्ही पाहिले. भूमी आपल्या जुन्या मालकास ओळखते; पट्टा पुन्हा आपल्या जागी येतो. येथे विचारी माणसापुढे पेच उभा राहतो. १९९१ पासून किनारी नियमन अधिसूचनेने कांदळवनास कडक संरक्षण मिळाले आहे, आणि कांदळ तोडणे हा अपराध आहे. तो नियम हवाच. मुंबईच्या खाड्या भरून काढताना काय घडले ते सर्वांनी पाहिले, आणि म्हणूनच २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास कांदळतोडीस बंदी करावी लागली. पण बांधाच्या आत उगवलेले तिवर राखावे की भात राखावे? शेतकरी म्हणतो, झाड मोठे होऊ दिले तर शेत गेले. वनरक्षक म्हणतो, झाड तोडले तर कायदा मोडला. २०११ च्या अधिसूचनेत गोमंतकातील खाजनांचा स्वतंत्र विचार करून खाजन आणि त्याकाठचे कांदळ दोन्ही जपावे व त्यांच्या व्यवस्थेची योजना करावी असे म्हटले आहे. शब्द चांगले आहेत. त्यांमागे बांधावर उतरणारी माणसे हवीत.

आमच्या मते जुन्या वाटणीतच उत्तर आहे. बांधाबाहेर कांदळ, बांधाआत भात. बाहेरचे एकही झाड तोडू नये. आतल्या बांधास एकही भगदाड राहू देऊ नये. कांदळ आणि खाजन हे एकमेकांचे वैरी नव्हेत. बाहेरचा पट्टा गेला की बांध जातो, आणि बांध गेला की दोघांमधली सीमाच जाते. समुद्राची पातळी हळूहळू वाढत असल्याचे शास्त्रज्ञ मोजून सांगत असताना ही गोष्ट केवळ इतिहासाची राहिलेली नाही.

समारोप

आपल्या देवस्थानांच्या समित्या सुवर्णकळस बसवितात, सभामंडप वाढवितात, यात्रेकरूंसाठी अग्रशाळा बांधतात. ही कामे पुण्याची आहेत. त्यांच्याबरोबर मूळ स्थानाच्या गावी एखाद्या मानशीची दारे नवी करून देणे, पावसाआधी बांधाच्या एका तुकड्याची डागडुजी अंगावर घेणे, हेही पूर्वीच्या रीतीस धरूनच होईल. एके काळी देवाचा आणि बांधाचा खर्च एकाच पोतडीतून होत होता. माशेलास आषाढी द्वादशीला देवकीकृष्णाच्या अंगणात चिखलकाला होतो आणि आबालवृद्ध चिखलात लोळतात. त्या चिखलाची लाज आपणांस नाही, मग बांधावरच्या चिखलाची का असावी?

इंद्रवेल्लीच्या वाचकबंधूंस आणखी एक गोष्ट कळवावयाची आहे. त्यांच्या गावाजवळ केस्लापूर येथे नागोबाचे देवस्थान आहे. पौष अमावास्येच्या जत्रेसाठी गोंडांतील मेस्राम कुळाची मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्याने देवास स्नान घालतात. ती गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून आदिलाबादच्या डोंगरांतले पाणी पोटात घेत पूर्वसमुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगा येथे आंध्रातील सर्वांत मोठे कांदळवन उभे आहे. १९७८ पासून तेही अभयारण्य आहे. तेव्हा समुद्र त्यांनी पाहिला नसला तरी त्यांच्या अंगणातून वाहून गेलेले पावसाचे पाणी अखेर कांदळाच्याच मुळांशी जाते.

त्या मुलीस एकदा गोमंतकात आणावे. कवळ्यास शांतादुर्गेचे दर्शन झाले की बोरीच्या पुलावर थांबावे आणि ओहोटीच्या वेळी जुवारीच्या काठाकडे पाहावे. पाण्यातून कमानी करून वर आलेली मुळे दिसतील. तिला म्हणावे, हाच तो कांदळ. याच्याच सावलीत एका रात्री तुझा देव बसला होता.